बिनकाडीची

"आभारी आहे," म्हणत डॉन एवारिस्तोंनी भोपळ्याचा रिकामा तुंबा दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि एल्वेसिया हिरमुसली. चहासारखी कडू येर्बा पिणाऱ्याने तुंबा परत देताना आभार मानले की समजायचं, बास, आता मला ओतू नका. आठवड्यातली ही पाचवी कडक पत्ती, आणि पाचव्यांदा पहिल्याच तुंब्याला आभार.

"तुझा माल उतरला गं," ते म्हणाले. "देल्मिरा न्यायची ती चव राहिली नाही."

बेया विस्ता गावात तीस वर्षं सुटी येर्बा विकणाऱ्या बाईला हे दुसरं कुणी बोललं असतं, तर तिने त्याला दुकानाची पायरी उतरायला लावली असती. पण समोर एवारिस्तो होते. संत्र्यांचे ट्रक दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि आता बायको, देल्मिरा, जाऊन दीड महिना झालेला. शर्टाचं बटण भलत्याच काजात. एल्वेसियाने तुंबा उचलून घेतला.

माल उतरला नव्हता, पण हे तिला सांगता येत नव्हतं. येर्बा प्यावी तर कडक, बिनकाडीची, ही त्यांची जन्माची फुशारकी. काड्यांची सौम्य पत्ती पिणाऱ्या दोस्तांना ते 'बाळंतकाढा घेता काय रे' म्हणून भर गॅरेजात पिडायचे. अठरा वर्षांपूर्वी पोटात व्रण झाला, डॉक्टरांनी कडक पत्ती बंद सांगितली, तर हे डॉक्टरांवरच उखडले. त्याच संध्याकाळी देल्मिरा दुकानाच्या मागच्या दाराने आली. सौम्य पत्ती, त्यात मूठभर रानपुदिना, आणि भरायचं सगळं कडक पत्तीच्या लाल डब्यात. तुंबा घरात तीच भरायची, वरून कडक पत्तीचा पातळ थर देऊन, म्हणजे काड्या दिसायला नकोत. एवारिस्तो चारचौघांत सांगत, अस्सल कडक पत्तीच जिभेला असा गारवा देते. दोघी बायका हसून हसून मरायच्या.

"त्याला कधी सांगू नकोस हं," देल्मिराने बजावलं होतं. "मी मेले तरी."

एवारिस्तोंनी टोपी उचलली. आता येर्बा सोडलीच म्हणाले. सकाळी शेगडी तरी कुणासाठी पेटवायची?

एल्वेसिया आतल्या दाराकडे वळली. "थांबा जरा. आत थोडी जुनी पत्ती आहे."

आतल्या खोलीत तिने काड्यांची पत्ती घेतली, रानपुदिना चुरडला, वर कडक पत्तीचा थर दिला. हात आपोआप चालत होते. बाहेर येऊन तिने पाणी ओतलं, उकळतं नव्हे, देल्मिरा ओतायची तसं.

"बिनकाडीची आहे ना?" त्यांनी संशयाने विचारलं.

"तुम्हाला दुसरी देऊन शिव्या कोण खाईल?"

त्यांनी तुंब्यातली नळी ओठांना लावली. एक घोट घेतला आणि थांबले. मग तळाशी खुळखुळ वाजेपर्यंत ओढत राहिले. एल्वेसिया आभाराची वाट बघत होती. ते काही बोलले नाहीत, नुसता तुंबा पुढे केला. तिने भरला. पुन्हा पुढे केला.

तिसऱ्या तुंब्याला त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी ते बाहीने पुसले.

"हीच ती," ते म्हणाले. "बघ, कडक पत्ती अशी असते. डोळ्यांतून पाणी काढते."

"फारच कडक आहे," एल्वेसिया म्हणाली, आणि तिने चौथा तुंबा भरला.