म्हशीला सांगितलेलं

रंजितानं फवारणीच्या औषधाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. अंगणात खाटेवर बसलेल्या तिच्या सासऱ्यानं, पूनमसिंगनं, ते पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. चिडला की जास्तच थरथरायचा.

बंजाऱ्यांच्या तांड्याची जुनी रीत अशी की सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. सासू सुखीबाई गेल्यापासून मधे निरोप न्यायलाही कोणी उरलं नव्हतं आणि तिचा नवरा त्यात पडत नसे, म्हणून या घरातली भांडणं म्हशीच्या मार्फत चालत. बिचारीनं चार वर्षांत नको नको ते ऐकलं होतं.

"म्हशे, सांग त्याइले," वैरण टाकत रंजिता म्हणाली, "डॉक्टर काय म्हनत होते ते. कंपवातात मेंदूतल्या पेशी आतून गंजतेत. गेल्या त्या गेल्या, उरल्या त्या जपा. औषधाच्या वाऱ्यालेबी उभं राहू नका."

"म्हशे, तिले सांग," पूनमसिंग गुरगुरला, "चाळीस वर्सं फवारलं म्या. हे काल आलेली मले वावरातून काढून राह्यली."

"मेंदू गंजला, जीभ नाई गंजली!" रंजितानं म्हशीला ऐकवलं.

पूनमसिंगनं हातातला पेला भिरकावला. नेम चुकला आणि तो म्हशीलाच लागला.

त्याचा मुलगा राजकुमार मधे पडला नाही. कपाशीवर अळी आली होती, त्याला घाई होती. त्यानं बायकोकडून किल्ली घेतली, खोली उघडली, अंगणातल्या ड्रमात पाणी भरून औषध ओतलं.

औषध ढवळावं तर पूनमसिंगनं, असं सगळा तांडा म्हणायचा. काठीला बुडाचं कळत नाही, हाताला कळतं, हे त्याचंच शिकवणं. लोक त्याला घरी बोलवायला यायचे. त्याचा त्याला फार गर्व होता.

राजकुमारनं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात ड्रमात घातला. डोळे मिटून तीनदा डावीकडे, तीनदा उजवीकडे. थेट बापासारखं. मग ओला हात पँटीला पुसून त्याच हातानं त्यानं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडली.

पूनमसिंग मुलाच्या हाताकडे पाहत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. तो कसाबसा उठला, मुलाच्या हातावर फटका मारून पुडी पाडली आणि त्याला ओढत नळाकडे नेलं. साबण दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा त्यानं तो घट्ट धरला आणि मुलाचा हात घासू लागला.

"बा, काय करून राह्यला? तूच तं शिकवलं असं!"

घासता घासताच पूनमसिंगनं मान वळवली.

"रंजिता."

ती सून होऊन आल्यापासून सहा वर्षांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

"खोलीले कुलूप लाव. किल्ली यालेबी देऊ नको."

रंजिताचा हात सवयीनं तोंडावर पदर ओढायला गेला आणि तिथंच थांबला.

"मामाजी," ती म्हणाली, "कोपराच्या वरबी लावा साबण."