रायफलीचं तिसरं कोटेशन

माणसाच्या हाती शस्त्र आलं की इतिहासाला वळण लागतं. रामेश्वर पाटणकरांच्या हाती शस्त्र आलं नाही. शस्त्राची फाईल आली, आणि त्यांची रजा अडकली.

पाटणकर शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात पाइप आणि नळ विकणाऱ्या एका कंपनीत पर्चेस ऑफिसर होते. अकरा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा तिथली खरेदी म्हणजे अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, ओळखीतला जो कोणी चहाला येईल त्याच्याकडून करायची गोष्ट होती. पाटणकरांनी महिन्याभरात एका पानावर सात नियम टाइप केले. काहीही घ्यायचं तर तीन दुकानांची कोटेशनं हवीत. सगळ्यांत स्वस्त असेल त्यालाच ऑर्डर. साहेबांच्या सहीला जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर, आणि आधीचा नंबर निकालात निघाल्याशिवाय पुढचा नंबर टेबलावर येणार नाही. सहावा नियम कडक होता: खोटं कोटेशन आणणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवावं. त्या वेळी असं कोणी करील असं पाटणकरांना वाटलं नव्हतं. नियम नुसता रुबाबासाठी होता.

अरबाबना ते पान इतकं आवडलं की त्यांनी त्याला सोनेरी चौकट करून आपल्या खुर्चीच्या मागे टांगलं. पाहुणे आले की ते अंगठा मागे करून म्हणत, "माय रामेस. माय सिस्टम." ईदच्या बकऱ्यालासुद्धा तीन कोटेशनं आली होती, आणि सगळ्यांत स्वस्त बकरा आला होता. तो कसा होता याची चर्चा कंपनीत कोणी करत नसे.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये अरबाबनी पाटणकरांना बोलावलं. त्यांचे चुलतभाऊ जूनमध्ये कझाकस्तानच्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला निघाले होते. भावांकडे भारी भारी रायफली होत्या. पण अरबाब व्यापारी माणूस, आणि भावांसारखी उधळपट्टी करून त्यांच्यासारखंच दिसणं त्यांना पटेना.

"रामेस, बंदूक मंगता. सस्ती. सीधी मारने वाली. बोल्ट वाली. शिकार भी, निशाना भी. यल्ला."

पाटणकरांनी आयुष्यात ढेकणापलीकडे काही मारलं नव्हतं. त्यांनी "येस सर" म्हटलं, खाली आले आणि नंबर टाकला: एकशे चौदा. मग खणातून स्वतःचा रजेचा अर्ज काढला आणि त्याच्यावर एकशे पंधरा घातला.

अर्ज दहा एप्रिल ते दहा मे असा होता. सत्तावीस एप्रिलला लांज्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं, कावेरीचं, लग्न होतं. कावेरीला एकतिसावं संपत आलं होतं. अकरा स्थळं येऊन गेली होती, बाराव्याने हो म्हटलं होतं, आणि मुहूर्त पुढे ढकला असं बाराव्याला सांगण्याची कोणाची छाती नव्हती. वडील सहा वर्षांपूर्वी गेलेले. कन्यादान पाटणकर आणि त्यांच्या पत्नी मंजुषावहिनी करणार होते, तसं पत्रिकेत छापलंही होतं. कावेरीचा फोन आला होता. ती एवढंच म्हणाली होती, "दादा, तू दोन दिवस आधी नको, पंधरा दिवस आधी ये. तू आलास की खरं वाटेल मला."

रायफल महिन्याभरात निकालात निघेल असा पाटणकरांचा हिशेब होता. बॉल व्हॉल्व्ह दहा दिवसांत निघत.

पहिलं दुकान दुबईच्या देऱ्यात सापडलं. तिथे काउंटरवर लाहोरचा हमीद होता, मिशी जपून ठेवलेला, बोलायला गोड. त्याने पहिल्यांदाच सांगितलं की रायफलीचा परवाना मालकाच्या नावावर निघेल, तेव्हा आपण हात लावायचा नाही, डोळे भरून बघा. पाटणकरांनी हात पाठीमागे बांधले आणि देवळात मूर्ती बघावी तशी रायफल बघितली. हमीदने शिकवलं. एक गोळी सुटली की हा बोल्ट, म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा, हाताने मागे ओढायचा आणि पुढे सारायचा, तेव्हा दुसरी गोळी आत बसते. भानगड कमी म्हणून किंमत कमी, आणि सगळं घट्ट बसतं म्हणून नेम चांगला. शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारल्या तर तिन्ही एका दिरहमच्या नाण्याखाली झाकता येतात.

"और खाली नहीं झाकती तो?" पाटणकरांनी विचारलं. वॉरंटीचा रकाना त्यांच्या डोक्यात तयार होता.

"तो साहब, बंदूक का क़सूर नहीं है," हमीद म्हणाला.

ती चेक बनावटीची होती. दुर्बिणीसकट तेवीसशे पन्नास दिरहम, म्हणजे जवळजवळ तेवीस हजार रुपये. पाटणकरांनी आकडा मोठ्याने रुपयांत केला आणि हमीदने आदराने मान हलवली. दुसरं कोटेशन अबू धाबीहून आलं, फिनलंडची रायफल, सव्वीसशे. आठवड्यात दोन कागद हातात होते. पाटणकरांनी तुलनेचा तक्ता आखला: नेम, वजन, देश, सुटे भाग, विक्रीनंतरची सेवा. तिसरा रकाना रिकामा ठेवला.

तो रिकामाच राहिला. शस्त्रं विकायची परवानगी असलेलं तिसरं दुकान पाटणकरांना काही सापडेना. एकाने छऱ्याच्या बंदुकीचं कोटेशन दिलं, एकाने ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्यांचं. तीन एप्रिल उजाडली.

पाटणकर वर गेले आणि त्यांनी अरबाबना विनंती केली की एकशे पंधरा आधी घ्यावा. अरबाबनी लग्नाची चौकशी केली, मबरूक म्हणून अभिनंदन केलं, खरोखर आनंदले. मग अंगठा मागे केला. रामेस, आज मी तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या सगळे मोडतील, असं ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की पाटणकरांनी मान डोलावली.

अल मजाजच्या घरी हे ऐकून मंजुषावहिनी पत्रिकेतली दोघांची नावं पुन्हा वाचायला लागल्या. बारा वर्षांची विनिता बोलली.

"बट बाबा, यू मेड द रूल."

"हो."

"सो अनमेक इट."

पाटणकरांनी तिला मराठीत बोल म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते हमीदकडे गेले आणि अकरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. तिसरं कोटेशन कुठून तरी मिळेल का, म्हणून विचारलं. हमीदला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. त्याच्या मेहुण्याचं औद्योगिक क्षेत्रातच दुकान होतं, गाड्यांच्या एसीचे सुटे भाग विकायचं, पण पाटीवर आणि लेटरहेडवर 'जनरल ट्रेडिंग' होतं. तो चढ्या भावाचा एक कागद देईल, खलास. पाटणकरांनी तीनदा बजावलं की भाव चढा हवा, आणि कागद माझ्या हातात हवा.

मेहुणा सज्जन होता. एवढ्या मोठ्या कंपनीला पहिल्यांदा लिहायचं तर थेट मालकालाच लिहावं म्हणून त्याने अरबाबच्या खाजगी फॅक्सवर कोटेशन पाठवलं. तीच चेक रायफल, तीच दुर्बीण, एकोणीसशे पन्नास दिरहम. शिवाय तेलाची एक डबी मोफत.

अरबाबनी पाटणकरांना वर बोलावून कागद नाचवून दाखवला. "रामेस! चारसौ कम! ये आदमी किधर छुपा था?"

पाटणकरांची नजर अरबाबच्या डोक्यावरून सोनेरी चौकटीकडे गेली. सहावा नियम खालून दुसरा होता, खाली त्यांचीच सही. हा माणूस कॉम्प्रेसर विकतो, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते मागे सारलं आणि म्हटलं, "नया है, सर."

संध्याकाळी ते मेहुण्याच्या दुकानात गेले. पंख्याच्या पट्ट्यांच्या ढिगामागे मेहुणा बसला होता. चढा भाव लिहायला सांगितलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. मेहुण्याने प्रामाणिकपणे सांगितलं की लिहायला बसलो, पण हात वळेना. "साहब, हारने के लिए कोटेशन कौन देता है?"

रायफल तो देऊ शकत नव्हता, हे त्यालाही मान्य होतं. पाटणकरांनी त्याला समोर बसवून माल संपला असं पत्र लिहायला सांगितलं. माल संपला की दुसऱ्या नंबरची किंमत, म्हणजे हमीदची, म्हणजे खरी रायफल, म्हणजे सही. पत्र लिहून झालं, पाटणकरांनी वाचलं, बरोबर होतं. मेहुणा म्हणाला, आता दुकान बंद करताना फॅक्स करतो. पण फॅक्स करताना त्याला गिऱ्हाइकाला नुसता नकार देणं जड गेलं. त्याने खाली हाताने एक ओळ वाढवली: पुढचं शिपमेंट वीस मेला, इन्शाल्ला.

"वीस मे," अरबाब म्हणाले. "शिकार जून में है. रुकेगा."

एकशे चौदा नंबरवर त्यांनी स्वतःच्या हाताने 'पेंडिंग' लिहिलं.

कबुली द्यायचं पाटणकरांनी दोनदा ठरवलं. पहिल्या दिवशी अरबाब एका पाहुण्याला चौकट दाखवत होते. दुसऱ्या दिवशी ते लंडनला गेले होते, तीन आठवड्यांसाठी. पाटणकरांचा पासपोर्ट, कंपनीतल्या सगळ्यांच्या पासपोर्टांसारखा, मोहिद्दीनच्या तिजोरीत होता. कंपनीची व्हिसाची कामं बघणारा मोहिद्दीन मलबारी आणि मनाने मऊ होता, पण सही नसेल तर तोसुद्धा तिजोरीला हात लावत नसे. पाटणकर साहेब, तो म्हणाला, आठवतं का, हे तुम्हीच टाइप केलं होतं.

दहा एप्रिलला मंजुषावहिनी आणि विनिता गेल्या. त्याच विमानाने गोदामातला भिवाही गेला. भिवा लांज्याजवळचाच, पाइप उचलायचं काम करणारा. त्याच्या रजेचा अर्ज एकशे तेरा होता. मार्चमध्ये तो भीत भीत आला तेव्हा पाटणकरांनीच म्हटलं होतं, तुझा आधी घालतो, माझं काय, माझं होईलच. मंजुषावहिनींच्या सामानाचं वजन भरलं होतं, म्हणून विमानतळावर भिवाच्या हातात त्यांनी कावेरीच्या शालूची पिशवी दिली. अरबाबनी पाठवलेला खजुराचा डबाही दिला.

"साहेब, तुमी मागनं येतायच ना?" भिवाने विचारलं.

"येतोय," पाटणकर म्हणाले.

मुहूर्त सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांचा होता, म्हणजे शारजात नऊ चाळीस. पाटणकर त्या वेळी टेबलाशी होते, समोर दोन इंची व्हॉल्व्हचा तक्ता. नऊ चाळीसला त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून उभं राहावं की नाही ते त्यांना कळेना. ते अर्धवट उठले, तेवढ्यात टेलिफोन वाजला, आणि पलीकडच्या माणसाला फ्लँजचा भाव हवा होता. त्यांनी तो सांगितला.

बारा मेला भिवा परतला. जेवणाच्या सुट्टीत तो पाटणकरांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. लग्न छान झालं, म्हणाला. जिलबी तीनदा वाढली. कन्यादान मामा-मामींनी केलं. मामांचं सोवळं सारखं सुटत होतं, त्याने हसू आवरेना.

"अक्षता टाकायच्या वेळंला कावेरीताई सारख्या मांडवाच्या दाराकडं बघत व्हत्या," तो म्हणाला. "मी म्हटलं, इमान उशिरा असंल."

पाटणकरांनी भिवाला चहा घेतोस का विचारलं. तो नको म्हणाला.

सतरा मेला अरबाबनी पाटणकरांना वर बोलावलं. चुलतभावांचा बेत बदलला होता. या वर्षी डोंगर नाही, बोकड नाही, दुसरीकडे ससाणे घेऊन जायचं ठरलं होतं. ससाण्याला बोल्ट लागत नाही. अरबाबनी एकशे चौदा नंबरवर लाल रेघ मारली आणि 'गरज नाही' असं लिहून घ्यायला सांगितलं. मेहुण्याला नम्रपणे कळवा, असंही सांगितलं, माणूस चांगला आहे.

मग त्यांनी नियमाप्रमाणे पुढचा कागद ओढला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. लग्नाला माझ्याही शुभेच्छा सांग, म्हणाले.

एकशे पंधरा मंजूर झाला. रजा दहा एप्रिल ते दहा मे होती.