ग्रीसचं बोट

मे महिन्यात टीगनच्या चारचाकी क्वाड बाइकचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकावर फिरणारं जड चाक, सरावात फुटलं, तेव्हा सगळ्यांनी ते नशिबावर ढकललं. जुलैत दुसरं फुटलं ते भर शर्यतीत. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा इंजिनाचं झाकण फोडून बाहेर आला आणि तिच्या डाव्या बुटाच्या टाचेत रुतून बसला. टाच जाड होती म्हणून निभावलं.

टीगन माझ्या बहिणीची, डेनीसची मुलगी. डेनीसने तो बूट तसाच स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि मला फोन केला. मी अ‍ॅडलेडला रेल्वेच्या आसांमधल्या भेगा शोधायचं काम करते. ती म्हणाली, रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे आणि डॅड तिसरं फ्लायव्हील चढवायला निघालेत.

"तू हो म्हणालीस तर ती जाईल. नाही म्हणालीस तर सोमवारी क्वाड विकून टाकते. मला मधलं उत्तर नको, लिन."

माझ्या कामात बहुतेक उत्तरं मधलीच असतात. तरी शनिवारी सकाळी चार तास गाडी चालवून मी शेतावर पोचले.

आमचे वडील क्लेम शहात्तर वर्षांचे आहेत. टीगनची इंजिनं तेच बांधतात. मला बघून त्यांनी शेडमधली खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, प्रयोगशाळा आली, पण पांढरा कोट घरी विसरली वाटतं. फुटलेले तुकडे त्यांनी आइस्क्रीमच्या दोन डब्यांत जपून ठेवले होते, वर तारखा घालून. त्यांचं मत ठरलेलं होतं: माल खराब. दुसऱ्या वेळी त्यांनी जास्त कडक पोलादाची चावी घातली होती, तरी फुटलंच.

चावी म्हणजे क्रँकच्या, इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, खाचेत बसणारा नखाएवढा तुकडा. तिचं काम फक्त फ्लायव्हीलची जागा दाखवायचं. क्रँकचं टोक निमुळतं असतं, फ्लायव्हीलच्या मधलं भोकही तसंच, आणि नट आवळला की एक दुसऱ्याला घट्ट धरतं. सगळा भार त्या पकडीवर असतो. चावी कडक करून काही होत नाही.

तुकडे धुऊन मी त्यांच्यावर तांबडा रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली; भेगेत मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. दोन्ही फ्लायव्हीलांत भेग एकाच जागी सुरू झाली होती, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात. दोन वेगळ्या मालांत एकच दोष योगायोगाने येत नाही. भोकाच्या आत तपकिरी चिकट लेप होता. लोखंड लोखंडावर घासलं की अशी भुकटी पडते, आणि त्या झाकणाखाली इंजिनाचं तेल असतंच, म्हणून चिकटपणाकडे मी लक्ष दिलं नाही. तिथे माझं चुकलं.

क्रँक तपासला, भेग नव्हती. नट किती जोराने आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना तपासला, बरोबर होता. डॅड नट पुस्तकातल्या आकड्याइतकाच आवळतात, त्यात ते कधी हयगय करत नाहीत. दुपार झाली. डेनीस चहा घेऊन आली, काही न विचारता कप ठेवून गेली. विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं.

शेवटी मी डॅडना म्हटलं, तिसरं तुम्ही नेहमीसारखं चढवा, मी नुसती बघते.

त्यांनी टोक फडक्याने पुसलं, चावी बसवली. मग न बघताच उजवा हात फळीवरच्या डब्याकडे गेला, एक बोट ग्रीसमध्ये बुडालं आणि निमुळत्या टोकावरून गोल फिरलं.

"डॅड, थांबा."

"काय झालं?"

"ते ग्रीस कशाला?"

त्यांनी बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. "पुढच्या वेळी निघायला नको का?"

आमचं शेत खाऱ्या तळ्याच्या काठावर आहे. इथे कोरडा बसवलेला नट पुढच्या हंगामात छिन्नीने तोडावा लागतो. कापणीचं यंत्र असो, फाटकाची बिजागरी असो, ग्रीस लावल्याशिवाय काही बसवायचं नाही, हे आम्ही लहानपणीच शिकलो. मीही घरी तसंच करते.

मी सांगितलं, ग्रीस असलं की तोच आकडा आवळला तरी फ्लायव्हील टोकावर जास्त वर चढतं. भोक आतून ताणलं जातं, खाचेचा कोपरा चिरतो. चिरला की पकड सुटते, मग ते चावीवर आपटत राहतं आणि एक दिवस फुटतं. मी ते बोलत असताना त्यांनी बोट फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं.

"म्हणजे तो बूट माझ्यामुळे."

"या शेडमध्ये मी असते तर मीही लावलं असतं."

"तुला शिकवलं कुणी," ते म्हणाले.

मग आम्ही कामाला लागलो. व्हॉल्व घासायच्या पेस्टने फ्लायव्हील टोकावर हलकं फिरवून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना लागेपर्यंत घासले. स्पिरिटने तीनदा धुतलं. चावी पुन्हा साधी घातली. बसल्यावर खोली मोजली, पुस्तकातल्या मापात होती. नट आवळून मी नटावरून फ्लायव्हीलपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. काहीही सरकलं तर रेघ तुटेल.

डेनीसला मी म्हटलं, "हो. पण सराव फेरीनंतर झाकण उघडून बघायचं. रेघ तुटलेली असेल तर गाडी ट्रेलरवर."

"हे मधलं उत्तर झालं."

"एवढंच मधलं."

रविवारी सराव फेरी संपवून टीगन आली, हेल्मेट काढून म्हणाली, "आंटी, लवकर, मला रांगेत जायचंय." झाकणाचे स्क्रू डॅडनीच काढले. रेघ होती तशी, सरळ. मी बॅटरी मारून पाहिलं, नखाने चाचपलं. डेनीसने सकाळपासून हातात धरलेलं सॉसेजचं सँडविच तेव्हा पहिल्यांदा तोंडाला लावलं. थंड झालं होतं, तरी सगळं खाल्लं.

टीगन पाचवी आली आणि तक्रार करत आली. शर्यतीनंतर आम्ही झाकण पुन्हा उघडलं. रेघ तशीच.

"तू बघितलंस ना नीट?" डॅडनी विचारलं.

बघितलं म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या हातातली बॅटरी घेतली, आणि खाली वाकून स्वतः बराच वेळ बघत राहिले.