यानिनाने नाकारलेला तुंबा

विल्मार ओलिवेरा गुरांचा दलाल होता, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर त्याने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. मालक बैलाचं कौतुक करू लागला की हा गडी बैलाच्या खुरांकडे बघायचा. उरुग्वेतल्या ताकुआरेम्बोच्या बाजारात त्याला कुणी गंडवल्याचं ऐकिवात नव्हतं. तर अशा माणसाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, आणि सौद्यातला माल पहिल्यांदाच तो स्वतः होता.

ऑपरेशननंतर डॉक्टर बेतांकोरबाई म्हणाल्या होत्या, "गाठ पूर्ण निघाली, सेन्योर ओलिवेरा. आतड्याची टोकंही छान जुळली." आणि त्याच दमात म्हणाल्या, आता काही महिने केमो घ्यायची. कुठेतरी पाणी मुरतंय, हे विल्मारने तिथेच ओळखलं. गाठ पूर्ण निघाली, तर मग औषध कशाला? डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तोवर त्याचं लक्ष त्यांच्या शब्दांवरून उडून चेहऱ्यावर गेलं होतं.

घरी आल्यावर तर संशयाला पीकच आलं. केमो सुरू झाली, आणि त्या औषधाने बोटांना गार काही सोसेना. फाटकाच्या कडीला हात लावला तरी सुया टोचायच्या. एका सकाळी बघतो तर बायकोने, नेलिदाने, कडीला लोकर गुंडाळलेली. एवढी माया ती कधीपासून करायला लागली? मग येर्बाचं आलं. तो कडू पाल्याचा गरम काढा घरातले सगळे एकाच तुंब्यातून, एकाच नळीने प्यायचे; नर्सने सांगितलं म्हणून त्याचा तुंबा वेगळा झाला. औषधाने अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, दुसऱ्यांच्या नळीने पिऊ नका, असं नर्सचं म्हणणं. विल्मारला मात्र आजोबा आठवले. त्यांना क्षय झाला तेव्हा त्यांचा तुंबा असाच वेगळा केला होता, आणि ते काही त्या खाटेवरून उठले नाहीत.

त्यात स्वयंपाकघरातली कुजबुज. मुलगी यानिना रोज यायची, आईशी हळू आवाजात बोलायची, आणि विल्मारची चाहूल लागली की दोघींना एकदम बटाट्यांचे भाव आठवायचे. "पापाला सांगू नकोस," एवढं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. आपण मरतोय आणि आपल्याखेरीज सगळ्यांना ते माहीत आहे, अशी त्याची खात्री पटली. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. पण घाबरण्यापेक्षा संशय घेणं त्याला सोपं जायचं.

रविवारी त्याने अंगणात निखारे पाडले आणि गाईच्या बरगड्या भाजल्या. यानिनाने ताटात नुसता पांढरा भात घेतला, वर गाळलेलं सूप. मांसाला हात लावला नाही. विल्मारने ते टिपलं. जेवणानंतर त्याने सगळ्यांचा तुंबा भरला. आता स्वतः त्यातून पीत नसला, तरी या घरात तो भरायचा मान त्याचाच. त्याने तो मुलीपुढे धरला.

"नको, पापा."

लेकीने बापाच्या हातचा येर्बा नाकारावा, हे त्या अंगणात कधी घडलं नव्हतं. भांडण झालं तरी माणूस दोन घोट घेऊन मग भांडायचा.

"का? विष कालवलंय त्यात?" विल्मार म्हणाला. "की माझ्या हाताचा रोग लागेल तुला?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मग खरं बोला की एकदा! माझ्या पोटात अजून आहे ना तो? म्हणून ते औषध. मला वेड्यात काढताय सगळे. मी पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाणार नाही. मरायचंच आहे तर हातात सुया न खुपसता मरेन."

नेलिदा रडायलाच लागली. यानिना मात्र भडकली.

"एका गाईवर गोचीड दिसली तर तू तेवढीच उपटून मोकळा होतोस? सगळा कळप औषधाच्या हौदातून काढतोस ना? दिसत नाहीत त्यांच्यासाठी? तुझ्या गाठीजवळच्या ग्रंथींत थोड्या पेशी सापडल्या होत्या, पापा. त्याही काढल्या. पण एखादी निसटली असेल तर, म्हणून औषध. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. तू ऐकत नव्हतास, त्यांचे दात मोजत होतास."

"मग 'पापाला सांगू नकोस' ते काय होतं?"

यानिना आईकडे बघायला लागली. नेलिदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "सांग आता."

"उद्या माझी तपासणी आहे," यानिना म्हणाली. "तीच, आतड्यात नळी घालून करतात ती. बापाला झालंय म्हटल्यावर मुलांनी चाळिशीची वाट बघायची नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणून आज मांस नाही आणि येर्बाही नाही. संध्याकाळपासून ते घाण जुलाबाचं औषध प्यायचंय. तुला सांगितलं असतं तर स्वतःला दोष देत बसला असतास."

विल्मारच्या हातातला तुंबा तसाच राहिला. इतके दिवस तो खुरं बघत होता, पण चुकीच्या जनावराची. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर, ते कळेना.

पुढच्या आठवड्यात तो दवाखान्यात गेला. केमो घ्यायला नव्हे, असं त्याने वाटेत यानिनाला बजावलं. डॉक्टरांना तोंडावर विचारायला.

"हिच्या पोटात काय निघालं? खरं सांगा. हिने मला सांगितलंय, पण माझा भरवसा नाही."

"मांसाचा एक छोटा कोंब होता आतड्यात," डॉक्टर बेतांकोर म्हणाल्या. "तपासणी करतानाच काढला. प्रयोगशाळेने सांगितलं, कॅन्सर नाही. तसाच राहिला असता तर काही वर्षांनी तुमच्या गाठीसारखा होऊ शकला असता."

विल्मार त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग यानिनाच्या.

"पुन्हा कधी बघायचं?"

"पाच वर्षांनी."

"पाच फार झाली. तीन करा."

"हा गुरांचा बाजार नाही, सेन्योर. पाच पुरेत."

"बरं, पाच," विल्मार म्हणाला. "पण त्या वेळी हिला मी घेऊन येणार. हिच्यावर सोडलं तर माझ्यापासून लपवेल."

यानिना खिडकीबाहेर बघू लागली. नर्सने खांबाला बाटली अडकवली आणि खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"मग हात द्या," ती म्हणाली.

विल्मारने बाही वर केली.