फेसाळ्या आणि अमावास्येच्या गोळ्या

मी एक जुना फेसाळ्या आहे. मित्रांनो, दुकानातलं माझं नाव प्रोटीन स्किमर. पण माझा मालक श्रीनिवास, त्याच्या आईनं, दमयंतीबाईंनी, पहिल्याच दिवशी माझी बुडबुड ऐकून विचारलं, "हा कोण रे फेसाळ्या?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

बीड बायपासला नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर, खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली मला बसवलं. वर जांभळे प्रवाळ आणि केशरी-पांढऱ्या माशांची जोडी. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात ना, तसंच माझं काम. बारीक बुडबुडे सोडायचे आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या पेल्यात आणून टाकायची. ती पाण्यात राहिली तर सडते, नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात. मग शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतात. म्हणून मला क्षणाची उसंत नाही. पेला काळा झाला की श्रीनिवास म्हणायचा, "वा, पठ्ठ्या!"

मग सलग दुष्काळ पडले. टँकर चौथ्या दिवशी यायचा. खाली लोक ड्रम घेऊन ताटकळायचे आणि माशांचं पाणी बदलायची श्रीनिवासला लाज वाटू लागली. "दोन महिने धकेल," तो म्हणाला. धकतंय कसलं! सगळा भार माझ्यावर आला. तोही मी ओढला असता, पण नेमका तेव्हाच माझा फेस येईनासा झाला.

जीव तोडून फिरायचो, तरी पेला कोरडा. काचेवर शेवाळ चढलं, प्रवाळ तपकिरी पडले, एक मासा कोपऱ्यात धापा टाकू लागला. आणि बोल कुणाला? मला! "म्हातारा झाला हा. रविवारी भंगारात देतो," श्रीनिवास म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घोटाळा कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पण मला वाचा कुठली!

शेजारची करुणा वाळूजच्या एका कारखान्यात पाणी तपासायची. शनिवारी शिफ्टच्या बसमधून उतरली ती थेट आमच्याकडे आली. तिनं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी गडद गुलाबी झाली.

"श्रीनिवासदादा, नायट्रेट लई वाढलंय." मग तिनं माझ्या पेल्यावरून बोट फिरवलं आणि थबकली. "अन् हे तेलकट कशानं झालं? तेल लागलं की याचा फेस मरतो."

मग दमयंतीबाई हळूच म्हणाल्या, "कणकेला तेलाचा हात लावते मी."

झालं होतं असं. बाई दर अमावास्येला गेलेल्या नवऱ्याच्या नावानं हर्सूल तलावातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालत. तलाव आटला, तेव्हा त्या गोळ्या आमच्या टाकीत पडू लागल्या. आधी अमावास्येला, मग रोज सकाळी.

"मुके जीव. अशा दिवसांत कुणी उपाशी राहू नये वाटलं रे," बाई रडू लागल्या. "माझ्याच हातानं मारले का मी?"

"नाही काकू, अजून वेळ गेली नाही," करुणा म्हणाली.

तिनंच मला उघडून कोमट पाण्यात व्हिनेगर घालून धुतलं. कणीक बंद झाली, खाणं चिमूटभर झालं. टाकीसाठी पाणी फिल्टरमधून गाळताना जे वाया जायचं, ते बाईंनी भांड्यांना धरलं. श्रीनिवासची लाज गेली आणि दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलू लागलं. एकदम नाही हं, प्रवाळांना ते सोसत नाही. रविवारी भंगारवाला खालून ओरडला, तेव्हा बाईच म्हणाल्या, "राहू दे त्याला." मंगळवारी माझ्या गळ्याशी फेस आला! दोन महिन्यांनी करुणाची नळी अगदी फिकी निघाली.

आज अमावास्या आहे. मी अजून अस्वस्थच. स्वभावाला औषध नाही. बाई टाकीपुढं उभ्या आहेत. दोन्ही मासे तोंडं उघडून काचेशी धावलेत. बाईंनी हात पाठीमागं घट्ट धरलेत.

मित्रांनो, मुक्या जिवाला भरवण्याआधी त्याला काय सोसतं ते बघा. माया करणं सोपं असतं हो, आवरणं अवघड.

"त्यांच्या नावानं आज हेच," बाई पुटपुटतात. मग वाकतात आणि माझा पेला धुवायला घेऊन जातात.