जिन्याच्या पायथ्याचा स्विच

मी जिन्याच्या पायथ्याचा स्विच बोलतोय. मी चालू आहे की बंद, एवढं मात्र मला विचारू नका. ते मला स्वतःलाच कधी कळलेलं नाही.

साध्या स्विचचं बरं असतं. खाली झुकला की चालू, वर उठला की बंद. शेजारच्या खोलीतला पंख्याचा स्विच माझ्या ओळखीचा आहे, त्याला जन्मात कसली शंका आली नाही. मी पडलो टू-वे. जिन्याला दिवा एक आणि त्याला स्विच दोन, खाली मी आणि वर माझा जोडीदार. दोघांपैकी कुणीही दिवा लावावा, कुणीही विझवावा, अशी मूळ योजना. त्यामुळं माझं कायम तळ्यात-मळ्यात चाललेलं असतं.

गुलमंडीवरच्या एका दुकानात आम्ही दोघं एकाच खोक्यात होतो. तिथून आम्हाला प्रणयनं आणलं. प्रणय म्हणजे सत्यभामाबाईंचा मुलगा, नोकरीला पुण्यात. सिडकोतल्या त्यांच्या घरावर तेव्हा नुकताच वरचा मजला चढला होता. जिना दोन भिंतींच्या मधून जाणारा, खिडकी नाही, भर दुपारीही पायरी दिसत नाही. बाई म्हणाल्या, वायरमनला बोलवू. प्रणय म्हणाला, "त्यात काय अवघडंय आई? मोबाईलवर सगळं दाखवतेत."

मोबाईल पायरीवर उभा करून त्यानं आम्हाला जोडलं. व्हिडिओ थांबवायचा, वायर पिळायची, परत व्हिडिओ. त्या धांदलीत वरच्या जोडीदाराच्या पाठीमागं दोन वायरींची अदलाबदल झाली. हे आज सांगतोय, तेव्हा मला काही पत्ता नव्हता. प्रणयनं मला दाबलं, दिवा लागला. वर जाऊन वरचा दाबला, विझला. मग वरूनच लावला आणि खाली येऊन माझ्यावर विझवला. "बघ आई!" बाईंनी लगेच शेजारणीला बोलावून दाखवलं. "नोकरी हिशेबाची हाय, पण हात बघा माझ्या पोराचा!"

पुढं बरेच दिवस तक्रार नव्हती. बाई घरात एकट्या. चढताना खाली लावायचा, वर विझवायचा, उतरताना उलट. सगळं सुरळीत.

मग आमरीन आली. मूळची पैठणची, इथं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागलेली. तिनं खोलीसाठी किती दारं वाजवली होती. नाव सांगितलं की लोकांना आठवायचं, अरे, खोली तर कालच दिली. सत्यभामाबाईंनी नाव ऐकलं आणि एवढंच विचारलं, "गच्चीवरच्या टाकीकडं लक्ष ठेवशील का? माझे गुडघे लई दुखतेत." आमरीन वरच्या खोलीत राहायला आली. सुट्टीला घरी जाऊन परतताना ती जायकवाडीचे मासे आणायची, बाई झणझणीत रस्सा करायच्या आणि दोघी माझ्यासमोर पायरीवर बसून जेवायच्या. मला फार आवडायचं ते.

आणि त्याच दिवसांत माझं डोकं गरगरायला लागलं.

आमरीन कामावरून यायची, मला दाबायची, दिवा लागायचा. वर पोचली की वरून विझवायची, उगाच जळायला नको म्हणून. थोड्या वेळानं बाई येऊन मला दाबायच्या. अंधार. पुन्हा दाबायच्या. तरी अंधार. मला वाटायचं, झालं, मीच कामातून गेलो. बाई चाचपडत वर जायच्या आणि वरचं बटण दाबलं की दिवा झक्क लागायचा! मग खाली येऊन माझ्यावर विझवायच्या. आता आमरीनला उतरायचं असलं तर तिच्या बटणानं लागायचा नाही. "काकू, लाईट लागत नाय हो!" ती अंधारातून ओरडायची.

झालं होतं असं, की आम्ही दोघंही खाली झुकलेले असलो तरच दिवा लागत होता. एक जण उठलेला असला की दुसऱ्याला कितीही दाबा, उपयोग शून्य. एकट्या माणसाचं जाणं-येणं त्यात बरोबर बसायचं. दोघी झाल्या आणि घोळ सुरू झाला. पण हे मला तेव्हा कुठं माहीत! मी वायरीतून वरच्याला विचारायचो, अरे बाबा, तू केलंस तरी काय? तोही बहुतेक मला तेच विचारत असावा.

बाईंचा हिशेब सरळ होता. पोरगी यायच्या आधी दिवा लागत होता, पोरगी आली आणि लागेनासा झाला.

"तू वर काय करतीस गं बटणाला?"

"काय नाय काकू, फक्त बंद करते."

"मंग खालून लागत का नाय?"

बाईंना वाटलं, ही मुद्दाम करते. आमरीनला वाटलं, आपण काकूंना नकोशा झालो, तोंडानं सांगवत नाही म्हणून असा छळ. माशांचा रस्सा बंद झाला. मी दोघींचे हात ओळखत होतो आणि दोन्ही हातांत मला खोट दिसत नव्हती. मग खोटं कोण होतं?

आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठ-आठ दिवसांनी. नळ आला की घराघरात पळापळ. अशाच एका दुपारी आमरीन टाकी बघून खोलीत गेली, सवयीनं दिवा विझवून. तेवढ्यात टाकी भरून वाहिल्याचा आवाज आला. बाईंनी मला दाबलं, दाबलं, रागारागानं दाबलं. पोरीला हाक मारणं जिवावर आलं, म्हणून शेवटी अंधारातच निघाल्या. अर्ध्या जिन्यात पाय मुरगळला आणि बाई गडगडत माझ्यापुढं येऊन पडल्या.

आमरीननंच त्यांना उचललं, रिक्षानं दवाखान्यात नेलं. हाड वाचलं, घोटा मात्र टम्म सुजला. घरी आल्यावर बाई माझ्याजवळच्या खुर्चीत टेकल्या आणि तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "महिना भरला की दुसरीकडं बघ, पोरी."

आमरीन भिंतीला धरून माझ्याशेजारी उभी होती. "जाईन काकू. मला खोली कशी मिळाली, ते तुम्हाला माहितंय, तरी जाईन. पण एक करा. तुम्ही इथं बसून हे बटण दाबा, मी वर जाऊन वरचं दाबते. एकदा दोघी मिळून बघू काय होतंय."

हो म्हणा बाई, मी मनातल्या मनात ओरडलो. माझीही एकदाची शंका फिटेल!

"माझ्या पोरानं बसवलंय ते," बाई म्हणाल्या. "त्याच्या कामाची परीक्षा नको मला."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. आमरीन महिना भरायची वाट न बघता गेली. जाताना खोली झाडून गेली.

मग बाईंच्या सोबतीला फुलंब्रीहून त्यांची सख्खी बहीण आली, रत्नमाला. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली आणि वर पोचल्यावर तिनं दिवा विझवला. बाई काठी टेकत आल्या. मला दाबलं. अंधार.

बाईंनी मान वर करून हाक मारली. "रत्ने, वर काय केलंस तू?"

"काय करू? लाईट बंद केली."

"परत दाब बरं. आता अजून एकदा दाब. थांब, आता मी दाबते. लागली का?"

"नाय!"

"आता?"

"आता बी नाय!" रत्नमालेला गंमत वाटत होती. बाई मात्र खालच्या पायरीवर बसल्या. ही बहीण त्यांचं वाईट करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी तिथूनच प्रणयला फोन लावला. "तू हे बसवलं तवा वरच्या बटणापाशी कोण होतं रे?"

"कुणीच नव्हतं आई. मीच खाली, मीच वर."

पुढच्या सुट्टीला प्रणय आला. वरच्याची पाठ उघडली, दोन वायरी जागच्या जागी लावल्या. या वेळी तो वर आणि आई खाली. कुठूनही, कसंही दाबा, दिवा ऐकायला लागला. प्रणयची मान वर होईना. मी तर आनंदानं टकटक वाजत होतो. मला वाटलं, संपला सगळा घोळ.

मग बाईंनी आमरीनला फोन केला. "पोरी, वायर उलटी होती. तुझं काय चुकलं नव्हतं, माझंच चुकलं. खोली तशीच हाय. ये."

पलीकडं एसटीची घरघर ऐकू येत होती. आमरीन आता रोज पैठणहून ये-जा करते. "पाय कसाय काकू?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "काकू, दोष वायरीचा निघाला नसता, तर?"

आज सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई ठेवणीतली साडी नेसून खाली आल्या. रत्नमालेनं विचारलं, "पैठणला जातीस व्हय? काय सांगशील तिला?"

"मला बी म्हाईत नाय," बाई म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या. मला दाबून दिवा लावला, तो तसाच ठेवून गेल्या.

तुमच्या घरी असा जिना असेल, तर एकट्यानं तपासून समाधान मानू नका. कुणाला तरी दुसऱ्या टोकाला उभं करा, हाक मारा आणि त्याचं उत्तर ऐका. एवढं माझं मागणं आहे.

आता संध्याकाळ होत आलीय. मी दुरुस्त आहे, वरचा दुरुस्त आहे, जिना लख्ख उजळलाय, आणि तरी मला काही कळत नाही. बाई एकट्या परत येतील, की दोघी?