बाकावरचा एकतिसावा

सगळी गल्ली तिला कात्रीबाई म्हणायची, आणि गेल्या वीस वर्षांत तिने कामासाठी कात्री हातात धरली नव्हती. ती कागद फाडायची. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, हळू, श्वास रोखून. कुणी कात्रीबाई म्हणून हाक मारली की ती आधी डोळे वटारायची आणि मग सांगायची की कात्री शिंप्याकडे असते, तिकडे जा. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायचे.

कात्रीने कापलेली कड म्हणजे इस्त्री केलेलं तोंड, असं तिचं मत होतं. छापील कागद स्वतःकडे ओढत फाडला की रंगाखालचा पांढरा थर उघडा पडतो आणि तुकड्याच्या कडेला एक बारीक पांढरी किनार राहते. पलीकडे ढकलत फाडला की ती लपते. किनार कुठे दाखवायची आणि कुठे लपवायची, यातच तिचं सगळं कसब होतं. गालाची गोलाई, बाहीची घडी, म्हाताऱ्या हातावरची शीर, सगळं त्या किनारीच्या जोरावर उभं राहायचं. चित्राखाली ती सही करत नसे. कुणी मागितलीच तर किनारीकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, ही काय, केलीय की जागोजागी.

घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली कागदाची आणि आतली माणसांची, असं ठरलं होतं, पण कागदाने ते कधी मानलं नाही. स्वयंपाकघरातल्या एका डब्यावर 'डाळ' लिहिलेलं असायचं आणि आत राखाडी पुठ्ठ्याचे बारीक तुकडे निघायचे, म्हाताऱ्या माणसांच्या केसांसाठी जमवलेले. याचा सगळ्यात जास्त त्रास तिच्या नणंदेला, म्हणजे वन्संना. वन्सं नवऱ्याची थोरली बहीण. एकट्याच होत्या, भाऊ गेल्यावर इथेच राहायला आल्या आणि आल्या दिवसापासून कुरकुरत होत्या. विशेषतः खळीवरून. मैद्याची खळ शिजवताना जो वास सुटतो तो वन्संच्या मते माणसाला आजारी पाडायला पुरेसा होता. पदर नाकाला लावून त्या गॅलरीत जाऊन बसायच्या आणि खळ निवेपर्यंत आत यायच्या नाहीत.

दोघींचं भांडण रोजचं, पण एका गोष्टीत मात्र कधी वाद नव्हता. ती गोष्ट म्हणजे दवाखान्यातलं चित्र.

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा मोठ्या दवाखान्यात चार महिने उपचार घेत होता. रोज सकाळी दोघं जाऊन बाह्यरुग्ण विभागाच्या लांबलचक बाकावर बसायची. नंबर लागेपर्यंत करायचं काय, म्हणून ती आजूबाजूची माणसं बघायची आणि पिशवीत कागद गोळा करायची. औषधांची रिकामी खोकी, वापरून टाकलेले टोकनचे चिटोरे, एक्स-रेचे तपकिरी लिफाफे. तो गेल्यावर वर्षभरात तिने त्याच कागदांतून बारा फुटांचं चित्र केलं. एका बाकावर बसलेली एकतीस माणसं. कुणी पेंगतंय, कुणी चपलेकडे बघतंय, कुणी उगाच पिशवीची गाठ सोडतंय आणि बांधतंय. आणि अगदी उजव्या टोकाला, गुडघ्यांवर पिशवी धरून बसलेला एकतिसावा माणूस तो. त्याचा शर्ट त्याच्याच एक्स-रेच्या लिफाफ्यातून फाडलेला. चित्र तिने दवाखान्याला देऊन टाकलं. अट एकच, त्याच हॉलमध्ये लावायचं. तिथल्या त्या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी बाकाच्या वर लावूनही घेतलं.

वन्सं दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तिथे जायच्या. गोळ्या घराजवळही मिळत होत्या. पण वन्संना त्या बाकाच्या उजव्या टोकालाच, भावाच्या, बापूच्या, चित्राखाली, तासभर बसायचं असायचं. हे त्या कबूल करत नसत आणि ती विचारत नसे.

त्या महिन्यात वन्सं परत आल्या त्या चपलाही न काढता थेट बाहेरच्या खोलीत. एरवी तिथे त्या घटकाभरही थांबायच्या नाहीत.

"चित्र बदललंय," वन्सं म्हणाल्या. "तसंच आहे, पण छापलेलं. सगळेच्या सगळे हसतायत. आणि बापू नाहीये. बापूच्या जागी कुंडी आहे."

तिच्या हातात अर्धवट फाडलेला निळा कागद होता. तो तिने सरळ रेषेत टोकापर्यंत फाडला आणि खाली ठेवला. मग पायात चपला सरकवल्या.

दवाखान्याचे नवे व्यवस्थापक आदबीने बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि बाई, तुम्हालाच बोलावणार होतो, असं म्हणाले. जुन्या चित्रावर धूळ बसायची, पुसता येत नव्हतं, स्वच्छतेच्या तपासणीत शेरा आला होता. म्हणून त्याचा फोटो काढून जाड कागदावर मोठी छपाई करून घेतली. कॉम्प्युटरवाल्याने फार मेहनत घेतली होती. कडेकडेला कागद फाटल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या, त्या सगळ्या त्याने एकेक करून भरून काढल्या. चेहऱ्यांवर थोडा आनंद आणला. आणि शेवटचा माणूस फारच उदास दिसत होता, पेशंटच्या मनावर परिणाम होतो, म्हणून तिथे हिरवाई घातली.

"हिरवाई," ती म्हणाली.

"रबर प्लांट," ते म्हणाले. "मोठ्या पानांचा."

राहिली होती फक्त तिची सही. सोमवारी सकाळी दहा वाजता छोटासा कार्यक्रम ठेवला होता, दुपारी दोन वाजता विश्वस्त मंडळ बघायला येणार होतं, आणि अध्यक्षांचं म्हणणं होतं की सही नसली तर चित्र कॅलेंडरसारखं दिसतं. तिने खाली उजव्या कोपऱ्यात सही करायची, मग वरून पारदर्शक पत्रा बसवायचा, म्हणजे कायमचं काम झालं.

ती जुन्या चित्राबद्दल विचारत राहिली. शेवटी शिपाई तिला तळघरातल्या गोदामात घेऊन गेला. चित्राच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, वरच्या पाइपातून पाणी गळत होतं, आणि हे बरेच दिवस चाललं असावं. मैद्याच्या खळीला पाण्याशी झगडता येत नाही. एकतीस माणसं घसरून खाली एकमेकांवर गोळा झाली होती. तिने हात घातला तर लगदा हाताला लागला, ओला, बुरशीच्या वासाचा. तपकिरी रंगाचा एक डाग तिला दिसला. तो लिफाफा होता की नुसता चिखल, हे तिला सांगता येईना. तेव्हा तिला रडू आलं, आणि शिपाई दुसरीकडे बघत उभा राहिला. मग राग आला. तो मात्र नंतर गेलाच नाही.

दोन दिवस तिने एकही कागद फाडला नाही. तिचा धाकटा भाऊ येऊन समजावून गेला. जे गेलं ते काही परत येत नाही, निदान नाव तरी राहील, सही करून टाक, एवढ्या मोठ्या दवाखान्याशी वाकडं कशाला, असं त्याचं म्हणणं. तिने ऐकून घेतलं. भाऊ चांगला होता. त्याला चित्रातलं काडीचंही कळत नव्हतं, पण चांगला होता.

सोमवारी पहाटे तिला ओळखीच्या वासाने जाग आली. स्वयंपाकघरात वन्सं शेगडीजवळ उभ्या होत्या, पदर नाकाला घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने पातेलं ढवळत. पातेलं सगळ्यात मोठं होतं.

"गाठी होऊ देऊ नका," एवढंच ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस," वन्सं म्हणाल्या. "बारा वर्षं हा वास खातेय मी."

खळ दोन डब्यांत भरली. एकेक डबा घेऊन दोघी निघाल्या.

हॉल नेहमीसारखा गच्च भरला होता. चित्र पाच लांब पट्ट्यांमध्ये छापलेलं होतं आणि पत्रा बसायचा असल्यामुळे पट्ट्या फक्त वरून एका धातूच्या पट्टीत अडकवलेल्या होत्या, खालून मोकळ्या. गुळगुळीत गालांची तीस माणसं दात दाखवत बसली होती. दवाखान्याच्या रांगेत बसून इतकं खूश झालेलं माणूस तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. टोकाला रबर प्लांट होता, चकचकीत, कुंडीसकट. वन्संनी खिडकीवरून टोकन घेतलं, चौऱ्याऐंशी नंबरचं, आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

व्यवस्थापक दोन शब्द बोलले. पेशंट ऐकत नव्हते, त्यांचे कान नंबराकडे होते. मग त्यांनी तिच्या हातात जाड काळं पेन दिलं आणि कोपरा दाखवला.

तिने पेन शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. शेवटच्या पट्टीचं खालचं टोक दोन्ही चिमटीत धरलं, श्वास रोखला आणि स्वतःकडे ओढलं.

जाड कागद फाटतो तेव्हा आवाज मोठा येतो. सगळा हॉल वळून बघू लागला. रबर प्लांटच्या मधोमध, खालून वर, एक पांढरी किनार सरसर चढत गेली.

"अहो बाई, हे काय करताय?" व्यवस्थापक पुढे आले.

"सही," ती म्हणाली. "तुम्ही पुसली होती ना, ती परत करतेय."

त्यांनी वॉचमनला हाक मारली. वॉचमन आला, पण बाईमाणसाच्या हाताला हात कसा लावायचा म्हणून तीन पावलांवर थांबला. तोवर तिने पहिल्या माणसाचं हसू ओठांपासून काढून घेतलं होतं, आणि दुसऱ्याचंही. व्यवस्थापकांचा आवाज चढला. दवाखान्याची मालमत्ता आहे, तक्रार करीन, असं बरंच काही ते म्हणाले. ती ऐकत होती आणि फाडत होती. शेवटी ती त्यांच्याकडे वळली.

"आता हे उतरवलंत तर दोन वाजता भिंत मोकळी दिसेल," ती म्हणाली. "नाहीतर मला दोनपर्यंत काम करू द्या. तक्रार त्यानंतरही करता येते. मी कुठे पळून चाललेय?"

व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं. बाकावर काठी घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले की करू द्या बाईंना, आमचा नंबर यायला अजून चिक्कार वेळ आहे, तेवढंच बघायला काहीतरी. दोघंतिघं हसली. व्यवस्थापक आपल्या खोलीत निघून गेले आणि दार जरा जोरातच लागलं. वॉचमनने इकडे तिकडे बघून तिच्यासाठी एक स्टूल आणलं.

मग ती चार तास हलली नाही. वन्संनी डबा मांडीवर धरला होता आणि बोटाने खळ काढून त्या तिच्या तळहातावर देत होत्या, नाकाला पदर न लावता. तिने तिसांचं हसू उतरवलं आणि त्यातलं दातांचं पांढरं केसांना वापरलं. तोंडांसाठी टोकनचे चिटोरे लागले. पहिला तिने कचऱ्याच्या डब्यातून घेतला, नंतर लोक तपासून बाहेर येताना आपले आपण देऊ लागले. काठीवाल्या आजोबांनी आपलं टोकन देताना बजावलं की हे एखाद्या चांगल्या माणसाला लाव. गुळगुळीत गालांवर पुन्हा किनारी आल्या. कुणी पेंगू लागलं, कुणी चपलेकडे बघू लागलं.

शेवटी रबर प्लांट उरला. घरून तिने एक्स-रेचा तपकिरी लिफाफा आणला होता, पण तो कुणा दुसऱ्याचा होता. तो तिने पिशवीतून काढला, पाहिला आणि परत ठेवला. जे त्याच्या जागी बसवलं होतं त्यातूनच त्याला बाहेर काढायचा, हे तिने तिथेच ठरवलं. पानं तिने एकेक करून फाडली. दोन मोठ्या पानांचे खांदे झाले, एका पानाची बाही, देठांच्या बोटांनी पिशवी धरली. कुंडीच्या विटकरी रंगातून चेहरा आणि हात निघाले. गाल तिने न थांबता केला, कारण तिला तो पाठ होता आणि तो तसाच आला. तोंडासाठी कागद शोधताना तिने मागे हात केला तर हातावर चिटोरा आला. नंबर चौऱ्याऐंशी.

"तुमचा नंबर?" तिने विचारलं.

"मघाशीच पुकारला," वन्सं म्हणाल्या. "लाव तू."

तिने तो फाडून लावला. वन्सं मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"हिरवा रंग त्याने जन्मात कधी घातला नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांना न विचारता उठवलं होतं," ती म्हणाली. "मीही न विचारता बसवलेत."

दोन वाजत आले. तपासणी संपली, खिडक्या बंद झाल्या, हॉल रिकामा झाला. व्यवस्थापक दार उघडून बाहेर आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी वॉचमनला खूण केली की आधी हॉल मोकळा कर. तिने तुकडे गोळा करायला सुरुवात केली. वॉचमन बाकाच्या टोकाशी आला आणि वन्संना म्हणाला की आजी, उठा आता, मंडळी येतायत.

वन्संनी डब्याचं झाकण लावलं, डबा मांडीवर नीट ठेवला आणि डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं.

"आधी त्याला उठवा," त्या म्हणाल्या. "मग मी उठते."